पानावरचा पंडित

रुद्राणी शेटे यांनी फळ्यावर काढलेलं चित्र पुसायला धारूरच्या कॉलेजात कुणाचा हात धजत नसे. पुढच्या तासाला गणिताचे सर यायचे, डस्टर उचलायचे, जास्वंदीच्या त्या उभ्या छेदाकडं बघायचे आणि डस्टर परत खाली ठेवून उरलेल्या हातभर जागेत आपली गणितं मांडायचे. पाकळ्यांना गुलाबी, देठाला हिरवा, परागांना पिवळा. बडीशेपेच्या जुन्या डब्यात रुद्राणीचे रंगीत खडू असत आणि त्या डब्याला दुसरं कुणी हात लावत नसे. चित्राला हात घालण्याआधी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात ती बारीक अक्षरात ‘ॐ नमः शिवाय’ लिहायची. ते लिहिल्याशिवाय तिचा खडू चालत नसे, पेन चालत नसे, घरात वाणसामानाची यादीसुद्धा पुढं सरकत नसे.

सतरा वर्षं असंच चाललं होतं. पहाटे उठायचं, आंघोळ, कपाळाला भस्म, इष्टलिंगाची पूजा, आणि ती होईस्तोवर तोंडात पाण्याचा थेंब नाही. मग कॉलेज. आवाज असा की तिसऱ्या बाकाच्या पुढं जायचा नाही, तरी वर्गात टाचणी पडली तर ऐकू यावं एवढी शांतता.

दोन हजार सहाच्या श्रावणात तिनं कपिलधारच्या देवस्थानाला जाऊन आणखी एक नेम धरला. वर्षभर कुणालाही कडू शब्द बोलायचा नाही.

तिचा नवरा वीरेश कापडाच्या दुकानातून जेवायला आला होता, त्याला ऐकून हसू आवरेना. “अगं, तू आधी तरी कुणाला बोलतीस का? वांगी न खाणाऱ्यानं वांगी सोडल्यासारखं झालं हे.”

रुद्राणीनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. नेमाची गरज का पडली ते तिचं तिला ठाऊक होतं. जूनमध्ये कॉलेजात अपेक्षा आली होती.

अपेक्षा तिचीच विद्यार्थिनी. पहिल्या बाकावर बसणारी, तास संपल्यावर खडूची भुकटी ओल्या फडक्यानं पुसणारी. पानाच्या शिरा कशा काढायच्या, हात न उचलता गोल कसा पुरा करायचा, हे तिला रुद्राणीनं हाताला धरून शिकवलेलं. पोरगी औरंगाबादला गेली, एम.एस्सी. झाली, आणि तासिका तत्त्वावर म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार अशा नोकरीवर परत आली. इतर सगळे रुद्राणीला मॅडम म्हणायचे. अपेक्षा अजून ‘बाई’च म्हणायची आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत पाया पडायची. गळ्यात इष्टलिंगाच्या शेजारी काळ्या दोरीत एक पेनड्राइव्ह लोंबायचा. रुद्राणीची नजर दर वेळी तिथंच अडकायची.

कॉलेजात संगणकाची एक खोली होती. आठ संगणक, त्यांवर चादरी, दाराला कुलूप. दसऱ्याला झेंडूच्या माळा घालायला तेवढं ते कुलूप निघायचं. अपेक्षानं आल्या आल्या किल्ली मागून घेतली.

एके दिवशी रुद्राणी दुसऱ्या वर्षाला खोडाचा आडवा छेद शिकवत होती. शेजारच्या खोलीतून टाळ्या ऐकू आल्या. मग हसू. मग पुन्हा टाळ्या. तिच्या समोरची पोरं फळ्याकडंच बघत होती, पण त्यांचे कान भिंतीला लागलेत हे तिला दिसत होतं. तास संपल्यावर खडू आणायच्या निमित्तानं ती त्या दारावरून गेली आणि थांबली.

एकेका संगणकापुढं तिघं-चौघं दाटीवाटीनं बसून पाळीपाळीनं उत्तरं देत होते. पडद्यावर एक फूल. फुलाच्या भागावर बाण नेला की तो भाग सुटा होऊन बाजूला यायचा. खाली प्रश्न. उत्तर चुकलं की पडदा रागवायचा नाही, आणखी एक खूण सांगायचा आणि म्हणायचा, पुन्हा बघा. पोरं एकमेकांशी भांडत होती, “अय, स्त्रीकेसर हाय ते, पुंकेसर न्हाई! दाब बे तिथं!” हे सगळं अपेक्षानं इंटरनेटवर फुकटात मिळणाऱ्या साधनांतून स्वतः तयार केलं होतं. पोरं त्याला नुसतं ‘पान’ म्हणायची. शेवटी कुणाचे किती बरोबर, किती चूक, याचा हिशोब भिंतीवरच्या पडद्यावर उमटला. नावं नव्हती, नुसते आकडे.

अपेक्षा म्हणाली, “चौथा प्रश्न एकवीस जणांचा चुकलाय. एकवीस जण काय ढ न्हाईत. माझ्याच सांगण्यात काहीतरी राहिलंय. परत सांगते.”

आणि तिनं परत सांगितलं, वेगळ्या तऱ्हेनं.

सतरा वर्षांत कुणाचं नेमकं काय अडलंय ते रुद्राणीला परीक्षेच्या पेपरातच कळायचं, तेव्हा वेळ गेलेली असायची. आणि ही कालची पोर, आठ यंत्रांच्या जिवावर, तासाच्या आत ओळखते! बरं, हे कबूल करून म्हणावं की वा, तर जीभ वळेना. वाईट बोलावं तर नेम आडवा. म्हणून त्या दिवसापासून तिनं अपेक्षाशी बोलणंच तोडलं. पाया पडली की मान हलवायची, बस. नेम पाळण्याचा तिला हा सोपा मार्ग वाटला.

ऑगस्टमध्ये प्राचार्य अर्जुनरावांनी तिला बोलावलं. जानेवारीत कॉलेजचं मूल्यमापन करायला बाहेरून समिती येणार होती. समितीसमोर एकच नमुना पाठ दाखवायचा, आणि तो वनस्पतिशास्त्राचा, हे ठरलं होतं. मागच्या खेपेला रुद्राणीच्या फळ्याचे समितीनं फोटो काढून नेले होते. ते तिनं अजून पूजेच्या कपाटात ठेवले होते.

“मॅडम, पाठ तुमचा ठेवायचा का अपेक्षा मॅडमचा?” अर्जुनराव म्हणाले. “ते पानाचं प्रकरण पोरं लई सांगतेत. समितीला असलं नवं काही आवडतं म्हणे. आणि तिला तेवढाच आधार होईल पुढच्या भरतीला. पण विभागप्रमुख तुमी. तुमी म्हणाल ते.”

रुद्राणीनं पदर सारखा केला. आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

“हुशार आहे लेकरू. पण अजून नवं आहे सर. समितीसमोर लाइट गेली, यंत्र अडलं, तर गांगरून जाईल. तिलाच वाईट वाटेल.”

यात कडू शब्द एकही नव्हता. अर्जुनरावांनी लगेच कागदावर लिहून टाकलं: नमुना पाठ, रुद्राणी शेटे.

घरी येताना तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पाठ मिळाला, पण टाळ्या काही थांबल्या नाहीत. रोज दुपारी भिंतीपलीकडून यायच्या.

तेव्हा तिच्या मनात एक गोष्ट आली. नेम बोलण्याचा होता. लिहिण्याचं कुठं काय ठरलं होतं?

बद्रीनाथचा एसटीडी बूथ आता इंटरनेट कॅफे झाला होता. प्लायवूडचे आडोसे, पडदे, आणि लाइट गेली तर चालावा म्हणून कोपऱ्यात गुरगुरणारा इन्व्हर्टर.

“मॅडम, तुमी बी आता कॉम्प्युटरवर?” बद्रीनाथ खुर्ची पुसत म्हणाला.

“विद्यापीठाचं परिपत्रक बघायचंय.”

“बघा की. आतल्या कोपऱ्यात बसा, तिथं कुणी येत न्हाई.”

पानाचा पत्ता अपेक्षानं पोरांसाठी सूचनाफलकावर लावलाच होता. पानावर प्रश्न सोडवायचे, खाली कुणालाही काहीही विचारता यायचं, आणि इतरांनी त्याला उत्तरं द्यायची. पानानं नाव विचारलं तेव्हा रुद्राणीची बोटं थांबली. वर्गात नसलेलं नाव हवं. तिनं ‘पंडित’ असं लिहिलं. मग प्रश्न वाचू लागली आणि सहाव्याच प्रश्नावर तिचे डोळे चमकले. ‘यांतलं मूळ कोणतं: बटाटा, रताळं, आलं, कांदा?’ आणि घाईघाईत अपेक्षानं बटाटा हे उत्तर बरोबर धरलं होतं.

एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत मराठी जुळवत, तिनं लिहिलं: “बटाटा हे खोड आहे, मूळ नव्हे. हे शेंबडं पोरगंही सांगेल. शिकवणाऱ्यांनी आधी स्वतः शिकावं, मग पान काढावं. पंडित.”

लिहून झाल्यावर जिभेवर खडीसाखर ठेवल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात एकच गलका. “ह्यो पंडित कोण बे?” “तलवाड्याच्या कॉलेजचा असंल एखादा.” “मॅडमलाच शिकवायला निघालाय!” आणि भिंतीपलीकडून अपेक्षाचा आवाज, “पंडितनं बरोबर सांगितलंय. चूक माझी होती, दुरुस्त केली. पंडित, जिथं कुठं असाल तिथं, आभार.”

रुद्राणीच्या तोंडची साखर तिथंच विरघळली. तिला वाटलं होतं पोरगी चिडेल, सारवासारव करील.

मग ती दर दोन दिवसांनी जाऊ लागली. कधी चूक सापडायची, कधी काढावी लागायची. एकदा फुलाच्या चित्रात परदेशी ट्यूलिप होतं. पंडितनं लिहिलं, “धारूरच्या लेकरांना हे फूल दाखवून काय उपयोग? किल्ल्याच्या वाटेवर तरवड फुललाय तो दिसत नाही वाटतं मॅडमना. की एम.एस्सी. झालं की गावातलं दिसेनासं होतं?” चौथ्या दिवशी ट्यूलिप गेलं आणि तरवडाचे फोटो आले, अपेक्षानं स्वतः काढलेले. पोरं सायकली घेऊन किल्ल्याकडं गेली, फुलं तोडून आणली, पडद्याजवळ धरून एकेक भाग ताडून बघितला. स्टाफरूममध्ये अर्जुनराव म्हणाले, “काय कल्पना काढली अपेक्षा मॅडमनी! आपल्या मातीतलं फूल!”

कल्पना कुणाची होती! रुद्राणीनं चहाचा कप खाली ठेवला तेव्हा बशी वाजली.

याहून वाईट पुढंच होतं. पोरांना पंडित आवडायला लागला. तो चिमटे काढायचा म्हणून त्याला खोटं पाडायच्या ईर्ष्येनं ती ग्रंथालयात बसू लागली. मागच्या बाकावरचा अजिनाथ, ज्यानं दोन वर्षांत वही उघडली नव्हती, तो रुद्राणीच्या टेबलापाशी येऊन म्हणाला, “मॅडम, ते शंभर रुपयांचं जाडं पुस्तक द्या की. पंडितला आज गपच करायचंय.”

“माझ्या तासाला विचारलेलं तर कधी शोधलं नाहीस रे.”

“तसं न्हाई मॅडम. तुमी विचारलं की आमी भितो. पंडितनं डिवचलं की डोकं तापतं.”

आता तिला पंडितचाही हेवा वाटू लागला. हे तिचं तिलाही हसण्यासारखं होतं, पण हसू येत नव्हतं.

दिवाळी झाली. ऊसतोडीचे ट्रक भरून निघाले आणि वर्गातले अकरा बाक रिकामे झाले. त्यात राजनंदिनीही गेली. डोंगरातल्या एका तांड्यावरची ही मुलगी रुद्राणीच्या डोळ्यांतली बाहुली. दरवर्षी ती आईबापांबरोबर कोयता घेऊन सांगली-कऱ्हाडकडं जायची, आणि दरवर्षी रुद्राणी तिच्यासाठी हातानं टिपणं लिहून, रंगीत पेन्सिलींनी आकृत्या काढून, तिकडं निघालेल्या मुकादमाजवळ द्यायची. या खेपेला टिपणं बांधून तिनं निरोप धाडला. उलट निरोप आला, मॅडमला सांगा, मी बाजारच्या दिवशी पान बघती, काळजी करू नका.

टिपणांचा गठ्ठा तसाच टेबलावर राहिला. वीरेशनं विचारलं, “हे द्यायचं राहिलं का गं?” ती म्हणाली, “राहू द्या.”

राजनंदिनी पानावर खरंच यायची. साखर कारखान्याच्या गावात आठवडी बाजार असायचा, तिथल्या कॅफेत आईला दारात बसवून अर्धा तास. खोडाच्या छेदावर तिनं लिहिलं, “मॅडम, पुस्तकात सूर्यफुलाच्या खोडात पाणी वाहणाऱ्या बंडलांचं कडं दाखवलंय. पण आमी रोज ऊस तोडतो. त्यात कडं न्हाई दिसत, नुसते ठिपके विस्कटलेले दिसतेत. कावून?” त्यावर पानभर उत्तरं आली. एकदल आणि द्विदल खोडांतला फरक वर्गाला कधी कळला नव्हता इतका त्या आठवड्यात कळला.

ठिपक्यांचं ते उसाचं खोड रुद्राणी दरवर्षी फळ्यावर काढायची. एकशेवीस ठिपके, मोजून. राजनंदिनीनं ते वहीत उतरवूनही घेतलं होतं. तेव्हा तिनं ‘कावून’ विचारलं नव्हतं.

त्या दिवशी कॅफेत बसून पंडितनं फार वाईट लिहिलं. लिहिलं की, “ऊस तोडणाऱ्या पोरीचा प्रश्न मॅडमना आयता मिळाला. मॅडमचं स्वतःचं असं या पानावर आहे काय? चित्रं दुसऱ्याची, प्रश्न पोरांचे, साधनं फुकटची. ज्यांनी शिकवलं त्यांचा फळा मात्र विसरल्या.”

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी ती परत बसली, उत्तर काय आलं ते बघायला. अपेक्षाचं उत्तर नव्हतं. राजनंदिनीचं होतं. नुकतंच, तासाभरापूर्वीचं.

“रुद्राणी मॅडम, तुमीच पंडित हायेत ना? मी आज सगळं पहिल्यापासून वाचलं. प्रत्येक वेळी सुरुवातीला ओम नमः शिवाय. आपल्या कॉलेजात असं लिहिणारं दुसरं कोण हाय? मला लई आनंद झाला मॅडम. मला वाटलेलं तुमी पानावर येणारच न्हाई. तुमचं लेकरू, राजनंदिनी.”

रुद्राणीनं पडद्यावर वर वर जाऊन बघितलं. खरंच होतं. दर वेळी, एकाही वेळी न चुकता, बोटानं एकेक अक्षर शोधून तिनं आधी ते लिहिलं होतं आणि मग विष. तिला आठवतसुद्धा नव्हतं. पोरांना ती पंडितची ऐट वाटली असणार. पण आता कुणीही येईल, वाचेल, आणि खालपासून वरपर्यंत एकेक चिमटा तिच्या नावावर मोजेल.

“बद्रीनाथ,” तिनं पडदा सारून विचारलं, “दुसऱ्यानं लिहिलेलं खोडता येतं का?”

“न्हाई मॅडम. ज्यानं पान काढलंय त्यालाच येतं. काही गडबड झाली का परिपत्रकात?”

ती तशीच उठली. सुटे पैसे घ्यायचं राहिलं. रविवारी तिनं पूजा केली, पण डोळे मिटले की देवाऐवजी पान दिसायचं. नेम मोडला होता. आज नव्हे, बटाट्याच्या दिवशीच मोडला होता.

रविवारी संध्याकाळी दारात अपेक्षा उभी राहिली. नेहमीसारखी वाकली. रुद्राणीनं तिला आत घेतलं, पाट दिला, पाणी दिलं, आणि समोर बसली.

“बाई, राजनंदिनीचं ते मी काढून टाकलंय,” अपेक्षा म्हणाली. “शनिवारीच. अजिनाथनं बघितलं का न्हाई माहीत न्हाई, पण बघितलं असतं तर आत्तापर्यंत गावभर झालं असतं. तिला मी लिहिलंय की असं पानावर विचारू नको.”

“तुला कधी कळलं?”

“पहिल्याच दिवशी. बटाट्याला.”

“मग कुणाला बोलली का नाहीस?”

“काय बोलायचं? चूक तर माझीच होती.”

“आणि परवाचं? तेही खरं होतं का?”

अपेक्षानं मान खाली घातली. पेनड्राइव्हची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “परवाचं लागलं बाई. रात्रभर झोप न्हाई आली. पण एक सांगू? मी आले तेव्हा मला वाटलं होतं तुमी माझा तास बघाल, चुका काढाल, पूर्वीसारखं हाताला धरून सांगाल. तुमी तर बरं-वाईट एक शब्द बोलला न्हाई. सहा महिने झाले. तुमी माझं काहीतरी वाचताय, एवढं तरी पंडितमुळं कळत होतं.”

रुद्राणीला बोलायचं होतं. आपण गप्प राहिलो ते नेमासाठी, असं सांगायचं होतं. पण ते ओठांपाशी येईस्तोवर तिलाच खोटं वाटलं.

“पंडितला घालवू नका बाई,” अपेक्षा उठताना म्हणाली. “पोरं त्याच्यावर खार खाऊन का होईना, वाचतेत. फक्त...” ती हसली, रडवेली. “फक्त थोडा कमी बोचकारला तर बरं.”

ती गेल्यावर रुद्राणीला कळलं की आपल्याला हायसं वाटलेलं नाही. उलट आणखी जळलं. चित्रं गेली, पोरं गेली, टाळ्या गेल्या. आता मोठेपणही तिच्याच पदरात! मनानं तरी आपण वरचढ आहोत ही एकच गोष्ट आपल्याकडं उरली होती, तीही पोरगी पाणी पिऊन घेऊन गेली.

सोमवारी ती अर्जुनरावांच्या खोलीत गेली.

“सर, नमुना पाठ अपेक्षाला द्या.”

“कावून? तुमीच म्हणालता ती नवी हाय म्हणून.”

“ते मी बरोबर सांगितलं नव्हतं.”

“म्हणजे?”

रुद्राणीनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. आवाज तोच, तिसऱ्या बाकापर्यंतचा. “ती गांगरणारी नाही. यंत्र अडलं तर फळ्यावरही शिकवील, मीच शिकवलंय तिला. मला तिचा हेवा वाटला सर. म्हणून तसं बोलले.”

अर्जुनराव मोठ्यानं हसले. “अहो मॅडम! आजकाल कोण आपल्या हातचा पाठ असा दुसऱ्याला देतं? आणि वर स्वतःच्या अंगावर घेऊन! मोठं मन हाय तुमचं. मी स्टाफ मीटिंगमध्ये सांगणार हे.”

“सर, मी खरं सांगतेय.”

“हो, हो, कळलं,” असं म्हणत त्यांनी घंटी वाजवून चहा मागवला.

आणि मीटिंगमध्ये त्यांनी खरंच सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सतरा वर्षांत पहिल्यांदा तिच्यासाठी स्टाफरूममध्ये टाळ्या वाजल्या, आणि मान वर करून त्या ऐकण्याची तिची हिंमत झाली नाही. त्या दिवसापासून तिनं नेमाचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.

जानेवारीत समिती आली. तिघं जण, त्यांत एक बाई. लाइट असावी म्हणून अर्जुनरावांनी मांजरसुंब्याच्या मंडपवाल्याकडून जनरेटर आणवला होता, तो खिडकीबाहेर धडधडत होता. अपेक्षानं हिरवी साडी नेसली होती. तिनं दहा मिनिटं शिकवलं, फळ्यावर उसाचं खोड काढलं, घाईत न काढता, ठिपका ठिपका देत. मग म्हणाली, “आता पान उघडा.”

रुद्राणी मागं भिंतीला टेकून उभी होती. ऊसतोडीला गेलेल्यांमुळं शेवटचा संगणक मोकळा होता. समितीतल्या बाई म्हणाल्या, “तुम्ही बसा ना मॅडम.” तिला बसावं लागलं.

पडद्यानं नाव विचारलं. तिनं ॐ नमः शिवाय लिहिलं, आणि त्यापुढं रुद्राणी शेटे.

प्रश्न दहा. ती भराभर पुढं गेली. मधून मधून नजर वर जायची. समितीतल्या बाई अपेक्षाच्या शेजारी उभ्या राहून काहीतरी विचारत होत्या, आणि अपेक्षा न अडखळता सांगत होती. चूक कुठं सापडते का, हे रुद्राणीचे डोळे सवयीनं शोधत होते. सापडत नव्हती. सापडत नाही याचा राग येत होता, आणि सापडू नये असंही वाटत होतं. या दोन्हींच्या मध्येच कुठंतरी तिनं दहाव्या प्रश्नावर बोट दाबलं. ‘लावणीच्या बेण्यासाठी उसाचा कोणता भाग लवकर उगवतो: बुडख्याकडचा, मधला की शेंड्याकडचा?’ बुडखा जाड असतो, रस तिथं जास्त. तिनं बुडखा दाबला.

भिंतीवर आकडे आले. नऊ प्रश्न जवळजवळ सगळ्यांचे बरोबर. दहावा चौदा जणांचा चुकला होता.

“हा प्रश्न मी काढलेला न्हाई,” अपेक्षा वर्गाला म्हणाली. “ऊसतोडीला गेलेल्या राजनंदिनीनं तिकडून धाडलाय. ती लिहिते, शेंड्याकडचे डोळे, म्हणजे पेरावरचे कोंब, कवळे असतात, म्हणून ते लवकर फुटतात. बुडख्याचे डोळे जून झालेले असतात, लवकर उठत न्हाईत. आता असं का, ते बघू.”

समितीतल्या बाईंनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. अजिनाथ मागं वळून कुजबुजला, “मॅडम, तुमचं काय आलतं?”

“बुडखा,” रुद्राणी म्हणाली.

“माझं बी!” तो खूश होऊन म्हणाला.

अपेक्षा फळ्यापाशी गेली आणि कांडीवरचे डोळे काढू लागली. रुद्राणी बघत राहिली. रेघ चांगली होती. आतापर्यंत हेवा करायला एकच होती. आजपासून दोघी झाल्या, आणि त्यातली एक तर तिकडं उसाच्या फडात होती. तिनं अजिनाथच्या वहीतलं एक कोरं पान मागून घेतलं आणि शेंड्याकडच्या डोळ्याची आकृती उतरवून घ्यायला लागली.